मांडीचा घेर वाढला, ताकद वाढलीच नाही

एसीएलची, म्हणजे गुडघ्यातील एका मुख्य अस्थिबंधाची, शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला मैदानावर परतण्याची जी घाई असते, तिच्यावरच काही फिजिओथेरपी केंद्रांचा धंदा चालतो. अशाच एका केंद्राने ३ महिन्यांत खेळायला उतरवण्याची हमी देऊन माझ्याकडून संपूर्ण उपचारांचे पैसे आगाऊ घेतले.

फसवणुकीचे साधन होते साधी मोजपट्टी. पहिल्या भेटीत मांडीचा घेर गुडघ्याच्या वाटीच्या जेमतेम चार बोटे वर मोजला गेला आणि पुढे प्रत्येक वेळी पट्टी थोडी थोडी वर सरकत गेली. मांडी वर जाड होत जातेच, त्यामुळे आकडा वाढत राहिला आणि रंगीत आलेखावर माझी 'प्रगती' दिसू लागली. दुसरा, धडधाकट पाय कोणी कधी मोजलाच नाही. बहुतेक वेळ विजेचे हलके झटके देणाऱ्या यंत्राखाली पडून राहण्यात जाई. सुरुवातीच्या आठवड्यांत हे यंत्र उपयोगी पडते हे खरे, परंतु टप्प्याटप्प्याने वजन वाढवत केलेल्या स्क्वॅट आणि लेग प्रेसची जागा ते घेऊ शकत नाही. अखेरीस 'खेळण्यास तंदुरुस्त' असे प्रमाणपत्र हाती पडले. त्यावर शिक्का ठसठशीत होता, पण फिजिओथेरपिस्टचे नाव किंवा नोंदणी क्रमांक नव्हता.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी दोन्ही पायांची ताकद डायनॅमोमीटरवर मोजून घेतली, तेव्हा दुखापतीचा पाय दुसऱ्याच्या निम्म्याच्या आसपास भरला. खेळण्याची परवानगी देताना ही ताकद सामान्यतः दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावी, एका पायावरील उड्यांच्या चाचण्या पार पडाव्यात आणि शस्त्रक्रियेला निदान ९ महिने झालेले असावेत, अशी अपेक्षा असते. नवा ग्राफ्ट (फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवलेला ऊतीचा तुकडा) पहिल्या काही महिन्यांत आधी कमकुवत होतो आणि मग सावकाश बळकट होतो. सूज उतरली आणि दुखणे थांबले, एवढ्यावरून त्याची अवस्था कळत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले आढळले.

पैसे परत मागितले, तेव्हा हमी तोंडी होती आणि पावतीवर 'रक्कम परत मिळणार नाही' असे छापलेले होते, एवढेच उत्तर मिळाले. आलेख, पावती आणि प्रमाणपत्र जोडून मी लेखी तक्रार केली आहे. अशा ठिकाणी जाणार असाल, तर वाटीच्या वरच्या कडेपासून नेमक्या किती सेंटिमीटरवर घेर मोजला, हे दोन्ही पायांच्या मापांसह प्रत्येक वेळी लिहून मागा, आणि पैसे भेटीगणिकच द्या.