घरविम्यातलं पुराचं संरक्षण: दावा केल्यावरचं मत

पाणी तळमजल्यात गुडघाभर शिरलं तेव्हा ही पॉलिसी घेऊन दोन वर्षं झाली होती. नुकसान मोजणारा सर्व्हेअर चौथ्या दिवशी आला. भिंतीवरची चिखलाची रेघ त्याने टेपने मोजली, फ्रिजमागचा सिरियल नंबर टिपून घेतला. गाळ उपसायच्या आधी मी खोलीन् खोलीचे फोटो काढून ठेवले होते, तेच कामी आले. फर्निचरवर घसारा (जुनं झाल्याने घटलेली किंमत) कापला जातो हे मात्र विकताना कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा राग अजून आहे. बाकी पैसे वेळेत मिळाले.

पण विमा नुकसान भरून देतो, पाणी अडवत नाही. नंतर आम्ही वस्तीने मिळून नाला मोकळा करून घेतला, मीटर आणि स्विचबोर्ड छातीच्या उंचीवर नेले, काठावरच्या रिकाम्या जागेत बांधकाम होऊ दिलं नाही. पुढच्या पुरात माझा दावा एका दाराच्या चौकटीपुरताच होता!

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' ऐकून निर्धास्त राहू नका. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती जवळपास २६ टक्के होते. मी पॉलिसीचं नूतनीकरण केलंय, या वेळीही घरातल्या सामानासकट.