घडीचा ॲल्युमिनियम वॉकर : डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी घेताना

बेळगावच्या सर्जिकल दुकानांत घडीचा ॲल्युमिनियमचा वॉकर सहज मिळतो. वजन अडीच-तीन किलो, पाय बटण दाबून खाली-वर होतात, घडी केली की एसटीत सीटशेजारी मावतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तो उत्तम. पण अपघातात मेंदूला इजा होऊन घरी आलेल्या माणसासाठी तोच डोळे मिटून आणू नये. या रुग्णाच्या पायांत बऱ्याचदा ताकद असते. बिघडलेला असतो तो तोल, लक्ष आणि अंदाज. वॉकर शेजारी असूनही तो विसरून उठतो आणि दोन पावलांवर पडतो.

दुकानात डावी-उजवी बाजू आळीपाळीने पुढे सरकणारा प्रकारही दाखवतात. तो घेऊ नका. दोन्ही बाजूंचा मेळ घालणं हेच या रुग्णाला अवघड जातं आणि सांगाडाही हलता राहतो. पुढे दोन चाकं आणि मागे रबरी बूट असलेला साधा वॉकर बऱ्याच जणांना बरा पडतो, कारण तो दर पावलाला उचलावा लागत नाही. उचलतानाच तोल जातो. चार चाकांचा ब्रेकवाला तर नकोच, उतारावर ब्रेक वेळेवर आवळला जात नाही. एक हात लुळा असेल तर यातला कुठलाच वॉकर नीट धरता येत नाही. तिथे चांगल्या हातात चार पायांची काठी, तीही फिजिओथेरपिस्टने चालवून पाहिल्यावरच.

उंची दुकानातच लावून घ्या. रुग्ण सरळ उभा, हात सैल सोडलेले, वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेला. धरल्यावर कोपर २० ते ३० अंशांत वाकलं पाहिजे. मूठ उंच झाली तर खांदे वर चढतात, खाली झाली तर माणूस पुढे झुकतो. चारही पायांची बटणं सारख्याच भोकातून पूर्ण बाहेर आलेली हवीत. घडी उघडल्यावर दोन्ही बाजूंचा ‘टक्’ आवाज ऐका; एकच बाजू अडकली तर भार पडताच सांगाडा मिटतो. रबरी बुटांचा एक जोड जास्तीचा घ्या. खडबडीत अंगणात ते लवकर झिजतात आणि आतली नळी उघडी पडली की ओल्या शहाबादी फरशीवर सरळ घसरते.

निघण्याआधी घरातले दरवाजे मापून आणा, कारण खरी अडचण तिथेच येते. वॉकरची रुंदी ५५-६० सेंटिमीटर, संडासाचा दरवाजा अनेकदा दोन फुटी. रुग्ण मग वॉकर बाहेर ठेवून भिंत धरत आत जातो. तिथे आत-बाहेर दोन्हीकडे भिंतीत पक्के बसवलेले दांडे लागतात. टॉवेलचा दांडा भार घेत नाही. खानापूर-जांबोटीकडच्या जुन्या घरांत सोप्यातून माजघरात जाताना उंच उंबरा असतो, न्हाणी परड्यात आणि पावसाळ्यात वाटेवर शेवाळ. अशा घरात पावसाचे महिने खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवलेली बरी. पायऱ्यांवर वॉकर अजिबात वापरायचा नाही.

उठण्याची रीत रोज तीच ठेवा. खुर्चीच्या कडेला सरकायचं, पावलं मागे घ्यायची, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर दाबून उठायचं, उभं राहिल्यावरच वॉकर धरायचा. वॉकर ओढून उठलं की तो अंगावर उलटतो. झोपून उठल्यावर आधी मिनिटभर बसू द्या. रक्तदाब उतरून चक्कर येते, फिटच्या गोळ्यांनीही झापड असते. एका बाजूचं दिसत नसेल किंवा त्या बाजूचं भान नसेल, तर त्याच बाजूचं चाक चौकटीला अडकतं. त्या बाजूला, किंचित मागे उभं राहून कमरेचा रुंद पट्टा धरा. दंड धरून ओढलं तर लुळा खांदा निखळतो.

पडणं बऱ्याचदा रात्री, लघवीच्या घाईत होतं. झोपण्याआधी, पहाटे आणि मध्ये एकदा न विचारता घेऊन जा. “लागली तर हाक मारा” हे सांगणं त्याच्या लक्षात राहत नाही. त्याच्याजवळच कुणीतरी झोपावं.

डोक्यावर पडला आणि जखम दिसत नसली, तरी उलटी, वाढती डोकेदुखी, झापड, बरळणं किंवा फिट यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा कवटीचा तुकडा काढलेला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. कवटीचा तुकडा काढलेल्या रुग्णाला चालवण्यापूर्वी संरक्षक टोपीबद्दल न्यूरोसर्जनना विचारा.