खिशातला चाकू: दोनशे ग्रॅमचा की पंचेचाळीस ग्रॅमचा?

रोज जवळ बाळगण्यासाठी घडीचा मोठा चाकू घ्यावा का, असे विचारणारे बहुतेक जण पात्याच्या लांबीपासून सुरुवात करतात, आणि तिथेच त्यांची गफलत होते. अमेरिकेतील बक कंपनीचा १९६४ पासून निघणारा ११० क्रमांकाचा चाकू घ्या आणि त्याच्या शेजारी फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतात १८९० मध्ये जन्मलेल्या ओपिनेलचा ८ क्रमांक ठेवा. पहिल्याचे पाते साडेनऊ सेंटिमीटर, दुसऱ्याचे साडेआठ. म्हणजे फरक जेमतेम एका बोटाच्या रुंदीचाही नाही. वजन मात्र अनुक्रमे सुमारे दोनशे ग्रॅम आणि पंचेचाळीस ग्रॅम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुट्या भागांची पार्सले बांधण्या-सोडण्याच्या कामात मी दोन्ही चाकू वापरले आहेत, आणि माझे मत आधीच सांगतो: रोजच्या खिशासाठी हलका, आणि मोठा फक्त त्याच्यासाठी, ज्याच्या हाताला दिवसभर तसे काम आहे.

दोनशे ग्रॅमचे पितळ आणि पोलाद पँटच्या खिशात घालून दुचाकीवर बसले की प्रत्येक खड्ड्याला ते मांडीवर आपटते. म्हणूनच मोठ्या चाकूबरोबर पट्ट्याला अडकवायचे चामड्याचे म्यान मिळते. म्यान सोयीचे आहे, यात शंका नाही; पण कमरेला चाकू लावून महाद्वार रोडने चालणाऱ्याकडे लोक दोनदा पाहतात, आणि तसे पाहणे साहजिकही आहे. हलका चाकू खिशात आहे हे मात्र आपल्यालाही आठवत नाही.

कापण्याच्या बाबतीत लांबीपेक्षा जाडी बोलते. मोठ्याचे पाते पाठीकडे सुमारे तीन मिलिमीटर जाड, तर ओपिनेलचे त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. पार्सलाच्या प्लॅस्टिक पट्ट्या, बारदानाची दुहेरी शिवण किंवा ओले जाड दोरखंड यांवर जोर लावायचा असेल तेव्हा जाड पाते लवत नाही, मूठ हात भरून मिळते आणि पाठीवरचे कुलूप पाते बोटांवर मिटू देत नाही. ओपिनेललाही १९५५ पासून फिरवून अडकवायची कडी आहे, मात्र ती फिरवायला माणूस विसरतो. उलट कैरी कापून पाहा: पातळ पाते तिच्यातून सरळ उतरते, जाड पाते पाचरीसारखे शिरून तिची शकले करते. पुठ्ठ्याचेही तेच.

खरी तुलना मात्र धार लावताना होते, आणि विकत घेताना तिचाच विचार कोणी करत नाही. साधारण वीस अंशांचा कोन धरायचा म्हणजे पात्याची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश उचलायची. दोन सेंटिमीटर रुंद पात्याला सात मिलिमीटर, तर सव्वा सेंटिमीटरच्या आत रुंदी असलेल्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या चाकूला चारच. हात एक मिलिमीटर हलला तर रुंद पात्यावर कोन तीन अंशांनी चुकतो, अरुंद पात्यावर पाच अंशांनी. त्यामुळे शिकाऊ हाताला अगदी छोटा चाकूच जास्त छळतो, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. या हिशेबात मोठा चाकू आणि ओपिनेल बरोबरीत येतात. त्यांच्यातला फरक धातूचा आहे. मोठ्याच्या स्टेनलेस पोलादाला दगड हळू लागतो आणि जाड पात्यावरून घासायचा धातूही जास्त असतो, म्हणून माझा पाव तास जातो. कार्बन पोलादाचा ओपिनेल पाच मिनिटांत तयार होतो, पण धार लवकर मागतो.

पद्धत दोघांची एकच. दगडाच्या जाड्या, म्हणजे खरखरीत, बाजूवर पाणी टाकून एकाच अंगाने घासत राहायचे, दुसऱ्या अंगाला अंगठा आडवा फिरवल्यावर मशीन शॉपवाले ज्याला ‘बर’ म्हणतात ती बारीक कोर टोकापासून मुठीपर्यंत लागली की मगच बाजू बदलायची. नंतर बारीक बाजू, आणि शेवटी चामडे. चप्पल लाइनीत बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचे तुकडे मिळतात. त्यातला घट्ट तुकडा लाकडी पट्टीवर चिकटवला की कोर उतरवायला न्हाव्याचा पट्टा शोधावा लागत नाही. वर्तमानपत्राचे पान उभे धरून कडेपासून पाते खाली आणताना ‘सर्र’ असा एकसारखा आवाज आला तर धार बसली; मध्येच कागद अडकला तर नेमके तिथेच काम राहिले आहे.

यंत्राच्या सुक्या चाकावर चाकू देण्याचा आळस मी एकदा केला. दोन मिनिटांत चकचकीत धार मिळाली आणि टोकाशी नखाएवढा निळा डाग. पाते निळे पडले म्हणजे त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरले. तेवढा भाग घासून संपेपर्यंत तिथे धार टिकली नाही.

पावसाळ्यात पारडे फिरते. जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत कार्बन पोलाद रात्रीत तांबूस होते, बीचच्या लाकडाची मूठ फुगते आणि पाते उघडता उघडत नाही. पाते रोज पुसून त्यावर तेलाचा हात फिरवण्याची सवय नसेल तर ओपिनेलचाच स्टेनलेस प्रकार घ्यावा. मूठ तरीही फुगेल, पण गंज टळेल. मोठ्या चाकूला ही कटकट फार कमी.

कायद्याचे दोन मुद्दे ध्यानात ठेवावेत. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा वेगळा वर्ग आहे, त्यात या दोहोंपैकी कोणतेही पाते बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालील मनाई आदेश लागू असताना शस्त्रांबरोबर चाकू बाळगण्यावरही बंदी घालता येते, तिथे लांबीचा हिशेब कामाला येत नाही. सणावारांच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत चाकू कामाच्या जागी ड्रॉवरमध्ये ठेवावा. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही.

गोदाम, शेत किंवा गाडीची डिकी हे ज्याच्या चाकूचे घर असेल त्याने मोठा चाकू खुशाल घ्यावा. बाकीच्यांनी आधी जाडी-बारीक बाजू असलेला एक दगड आणावा, महिनाभर स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांवर हात बसवावा आणि मग दुकानात जावे.