‘आपल्या मराठवाड्यात कुठली आलीय बुरशी?’ म्हणत खपवलेली लेन्स

सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, म्हणजे लांबचे पक्षी टिपायची झूम लेन्स, कॅननच्या माउंटची (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या कडीची). जाहिरातीत ‘एकदम मिंट, दोनदाच नाथसागरावर नेली’. भाव ५२,०००. भेट ठरली बसस्टँडसमोर, ती पण दिवेलागणीला. पुढची काच लखलखीत पुसलेली, फोनवर दाखवलेले फोटो खणखणीत. घेणाऱ्यानं बुरशीचं विचारलं, तर उत्तर तयारच होतं, "दादा, आपल्या मराठवाड्यात कुठली आलीय बुरशी?"

वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत बुरशी सहसा धरत नाही. त्यामुळं इकडं लोक झूमच्या नळीत काळ्या मातीची करकर ऐकतात, बाहेरचे ओरखडे बघतात आणि आतली काच बघायची राहून जाते. पण लेन्स इथलीच कशावरून? ही मुंबईकडून आलेली होती. किनाऱ्याच्या दमट हवेत, बंद कपाटात एकदोन पावसाळे काढले की काचेवर धागे फुटतात. मग ती जालन्याला आणा नाहीतर बीडला, वाढ थांबेल, पण बुरशीनं खाल्लेलं कोटिंग, म्हणजे काचेवरचा पातळ थर, परत येत नाही.

फोटोत हे लवकर कळत नाही. सूर्य पाठीशी घेऊन काढलेला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अशा लेन्सनंही छानच येतो. बिंग फुटतं ते सूर्य समोर असताना: काळं राखाडी पडतं आणि पक्ष्याभोवती पांढुरकी झाक येते. विकणाऱ्याच्या फोटोंत उलट्या उजेडातला एकही नव्हता. नेमका तोच मागायचा.

कॅननची ही लेन्स कॅमेऱ्यावरून काढली तरी उजेड कमीजास्त करणाऱ्या आतल्या पाकळ्या उघड्याच राहतात, त्यामुळं तपासणी सोपी. अंधाऱ्या खोलीत दोन्ही टोपणं काढा, मोबाईलचा टॉर्च पुढच्या काचेवर तिरका धरा आणि मागून बघा. मग उलट बाजूनं. टॉर्च सरळ धरला तर नुसता झगमगाट दिसतो. झूम १५० ला आणि ६०० ला नेऊन, दोन्हीकडं बघा, कारण आतल्या काचा सरकतात. सुटे ठिपके म्हणजे धूळ, तिचं मनावर घेऊ नका. फाटे फुटलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. काचेवर हाऽऽ केल्यासारखी सलग वाफ दिसली तरी लेन्स नकोच.

या लेन्समध्ये धागे नव्हते. ते पूर्वी जिथं होते तिथं नदीनाल्यांच्या नकाशासारखे पुसट डाग उरले होते, आणि माउंटच्या दोन स्क्रूंची डोकी खरवडलेली. म्हणजे उघडून पुसलेली. परत बसवताना काच केसभर तिरकी बसली की फोटोची एक बाजू कायमची मऊ (धूसर) येते. त्यासाठी २० मीटरवरची विटांची भिंत घ्या: तिवई, थरथर सावरणारा स्टॅबिलायझर बंद, ६०० ला एफ ६.३ (पाकळ्या पूर्ण उघड्या), दोन सेकंदांचा टायमर. चारही कोपरे १०० टक्क्यांवर मोठे करून एकमेकांशी ताडून बघा.

कंटेम्पररीच ‘स्पोर्ट्स’ (सिग्माचीच १५०-६००, पण जड प्रकारातली) म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न झाला, तर किराणा दुकानातला काटा पुरतो. कंटेम्पररी दोन किलोच्या आत, स्पोर्ट्स पावणेतीनच्या वर. फिल्टरचं माप अनुक्रमे ९५ आणि १०५ मिमी.

न भेटता ‘टोकन टाका’ म्हणणाऱ्याचा नाद सोडा. पैसे टाकलेच असतील तर वाट न बघता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

बिलावरचा सिरीयल नंबर लेन्सवरच्या नंबराशी आकडा न् आकडा जुळवा. या व्यवहारात बिलाचा नुसता फोटो होता, आणि त्यात नेमक्या नंबरावर विकणाऱ्याचा अंगठा.