चॅरिटी वॉकला घरच्यांना न्यायचं की मित्रांना?

चॅरिटी वॉकचा फॉर्म भरताना टीमच्या रकान्यापाशी हमखास गाडी अडते. मी दोन्ही करून बसलोय, एका वर्षी आईबाबा, ताई आणि तिची लेक, पुढच्या वर्षी आम्ही सहा मित्र, त्यामुळे जे दिसलं ते सांगतो.

आधी पैशाचं, कारण चालतोय ते त्यासाठीच. वॉक स्पॉन्सरशिपवर असेल, म्हणजे प्रत्येकाने ओळखीच्यांकडून देणगी जमवायची असेल, तर मित्रांची टीम घरच्यांना सहज मागे टाकते. आमच्या वेळी मावशीला आधी माझी लिंक गेली, मग ताईची, मग आईचा फोन, तर मावशी म्हणाली, "अरे एकाच पर्समध्ये किती जण हात घालणार?" बरोबरच आहे, आम्हा सगळ्यांचे नातेवाईक तेच! मित्रांमध्ये प्रत्येकाचं ऑफिस वेगळं, सोसायटी वेगळी, काका-आत्या वेगळे. नुसती एंट्री फी असेल तर हा फरक उरत नाही, फक्त फॅमिली पास आहे का ते विचारून घ्या.

आता चालणं. एकटा माणूस साधारण तासाला 5 किमी चालतो, पण घरचे सोबत असले की त्याच 5 किमीला दीड तास धरा. बाबा शंभर पावलं पुढे, आई पाण्याच्या प्रत्येक टेबलवर व्हॉलंटियरची विचारपूस करत मागे, आणि चौथ्या किलोमीटरला भाचीने फुटपाथवर बैठक मारली, कारण हौसेने घातलेले नवे बूट टाचेला लागले होते (नवे बूट आणि सुती मोजे दोन्ही नको, सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड येतात). मग तिला टेरी फॉक्सची गोष्ट सांगितली, कॅन्सरमुळे एक पाय गेलेला पोरगा, 1980 साली कॅन्सर संशोधनासाठी पैसे जमवायला कृत्रिम पायावर कॅनडात 143 दिवस पळाला, 5,373 किमी. तिने विचारलं, "त्याचे पण बूट नवीन होते का?" पण उठली. त्याच्या नावाने होणाऱ्या रनला एंट्री फी नसते आणि कमीत कमी इतके जमवाच अशी अटही नसते, पळा नाहीतर चाला, असा प्रकार असेल तर घरच्यांना न्यायला अजिबात विचार करू नका.

10 किमी किंवा त्याच्यावर असेल तर मात्र माझं मत सरळ मित्रांना. ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचा ट्रेलवॉकर हा वॉक बघा, 1981 मध्ये हाँगकाँगला गुरखा सैनिकांचा सराव म्हणून सुरू झालेला, मूळ स्वरूप म्हणजे चौघांची टीम, 100 किमी, 48 तास, आणि चौघांनी सोबत चालायचं. असल्या ठिकाणी सगळ्यात हळू कोण हे आधीच ठरवून टाकावं लागतं, आणि मित्राला ते तोंडावर सांगता येतं, बाबांना "तुम्हाला झेपणार नाही" म्हणून बघा एकदा.

मित्रांची खोट एकच पण मोठी. सहा नावं दिली होती, सकाळी स्टार्टला चौघंच, एकाचा साडेपाचला मेसेज "अंग कणकण करतंय" आणि दुसऱ्याचा फोनच बंद. घरी हा प्रश्नच नाही, आई चारला उठून सगळ्या खोल्यांचे लाइट लावते, कोण झोपतंय.

टी-शर्ट, फोटो, मेडल वगैरे दोन्हीकडे सारखंच.

यंदा मी आयोजकांना फोन करून विचारलं, एकाच टीममधले लोक वेगवेगळं अंतर चालले तर चालेल का, तर हो म्हणाले. म्हणून नाव आणि देणगीचं पान मित्रांच्या टीमचं, ते 10 किमीला जातील, मी घरच्यांसोबत 5 किमीला. तुमच्याकडे हे चालत असेल तर असंच करा. बाबांना टीममध्ये टाकल्याचं सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, कॅप्टन कोण आहे.