मानसिक प्रथमोपचाराचा एका दिवसाचा प्रशिक्षण-संच: घ्यावा, पण एवढ्यावर थांबू नये

भूकंप असो, पूर असो, युद्ध असो की साथ, संकटात सापडलेल्या माणसाजवळ सगळ्यात आधी मानसोपचारतज्ज्ञ पोहोचत नाही. पोहोचतात ते पाणी वाटणारे स्वयंसेवक, नोंदणीच्या टेबलावरचे कर्मचारी, परिचारिका, शिक्षक, रुग्णवाहिकेचे चालक. समोरचा माणूस थरथरतोय, बोलत नाहीये किंवा हंबरडा फोडतोय, अशा वेळी नेमकं काय करायचं हे त्यांना कोणीतरी शिकवायला हवं. त्यासाठी जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साहित्य म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, वॉर ट्रॉमा फाउंडेशन आणि वर्ल्ड व्हिजन इंटरनॅशनल यांनी २०११ मध्ये काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका आणि तिच्या जोडीला २०१३ मध्ये आलेली प्रशिक्षकांसाठीची मार्गदर्शिका. या संचाचं हे परीक्षण, प्रशिक्षण आखणाऱ्यांसाठी आणि संस्थेत असा कार्यक्रम घ्यावा का या विचारात असलेल्यांसाठी.

पुस्तिका साधारण साठ पानांची आहे. भाषा सोपी, पारिभाषिक शब्द जवळजवळ नाहीतच, आणि शेवटी घडी घालून खिशात ठेवता येईल असं एक सारांशाचं पान. मार्गदर्शिकेत सत्रांचा क्रम, वेळा, गटचर्चेचे प्रसंग आणि स्लाइड आहेत. दोन्ही फुकट डाउनलोड होतात. २०१४ च्या इबोला साथीसाठी पुस्तिकेची वेगळी आवृत्तीही निघाली. ज्या आजारात माणसाला हात लावायचा नाही, तिथे धीर कसा द्यायचा हा प्रश्न तिने गांभीर्याने घेतला आहे. साथीच्या काळात काम करणाऱ्यांनी मूळ पुस्तिकेऐवजी तीच उघडावी.

संचाची खरी ताकद म्हणजे काय करायचं नाही हे त्यात ठामपणे सांगितलंय. मानसिक प्रथमोपचार म्हणजे समुपदेशन नव्हे. घडलेला प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावणंही नव्हे. लोकांना गोळा करून ‘जे झालं ते बोलून टाका, मन मोकळं होईल’ असं म्हणण्याची पद्धत, म्हणजे डिब्रीफिंग, एके काळी सर्रास चालायची. तिने पुढचा आघातजन्य ताणविकार टळत नाही, काहींना उलट त्रासच होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नका असं सांगते. तरीही मदतकार्यात उतरलेल्या अनेक चांगल्या माणसांच्या मनात बोलतं करणं हीच मदत असते. हा समज पहिल्या तासात मोडला नाही तर पुढचा सगळा दिवस वाया जातो, आणि मार्गदर्शिका तो बऱ्यापैकी मोडते.

गाभा तीन क्रियांचा आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. त्याआधी तयारी, म्हणजे काय घडलंय, तिथे कोणत्या सेवा चालू आहेत, जागा सुरक्षित आहे का, याची माहिती. ‘पाहा’मध्ये तीन गोष्टी येतात: धोका आहे का, तातडीच्या मूलभूत गरजा कोणाच्या आहेत आणि फार अस्वस्थ कोण दिसतंय. शिकणारे लोक नेमके इथेच घाई करतात. खोलीत शिरले की थेट रडणाऱ्या माणसाकडे. कोपऱ्यात अंगावर ओले कपडे असलेला म्हातारा, एकटं बसलेलं मूल, मोकळी विजेची तार हे नजरेतून सुटतं. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक रोल-प्लेच्या, म्हणजे भूमिका घेऊन केलेल्या सरावाच्या, सुरुवातीला सक्तीचं एक मिनिट. त्या मिनिटात मदतनिसाने काहीच बोलायचं नाही, फक्त काय दिसतंय ते मनात टिपायचं आणि नंतर निरीक्षकाला सांगायचं.

रोल-प्ले हा या प्रशिक्षणाचा प्राण आहे, आणि वेळ कमी पडला की आधी कात्री लागते ती त्यालाच. मांडणी अशी ठेवावी. तिघांचे गट करावेत: एक मदतनीस, एक आपत्तीग्रस्त, एक निरीक्षक. सात मिनिटं प्रसंग, पाच मिनिटं चर्चा, मग भूमिका बदलायच्या. तिघांची पाळी व्हायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. चोवीस जणांचे आठ गट होतात आणि दोन प्रशिक्षक प्रत्येकी चार गटांवर लक्ष ठेवू शकतात. पन्नास जणांना सभागृहात बसवून समोर एक जोडी उभी केली तर ते नाटक होतं, सराव होत नाही. आपत्तीग्रस्ताची भूमिका करणाऱ्याने स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग घ्यायचा नाही हे आधीच स्पष्ट सांगावं. गटात नुकतंच कोणी जवळचं माणूस गमावलेलं असू शकतं, म्हणून भूमिका नाकारायची मुभा द्यावी आणि एक प्रशिक्षक गरज पडल्यास बाहेर जाऊन बोलायला मोकळा ठेवावा.

या सरावात तीच ती वाक्यं परत परत कानावर येतात. ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल.’ ‘मला कळतंय तुम्हाला काय वाटतंय ते.’ ‘निदान तुम्ही तरी वाचलात.’ ‘देवाच्या मनात असेल तसं.’ हेतू चांगला असतो, पण पहिलं वाक्य खोटं आश्वासन आहे, दुसरं खरं नाही, तिसऱ्याने वाचल्याची अपराधी भावना वाढते आणि चौथ्यावर समोरच्याला काही बोलताच येत नाही. त्याऐवजी बोलायचं ते अगदी साधं असतं. ‘नमस्कार, माझं नाव अमुक, मी अमुक संस्थेकडून आलेय. तुमच्याजवळ थोडा वेळ बसू का?’ उत्तर आलं नाही तरी अंगाला हात लावायचा नाही, बाजूला, डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. मग ‘आत्ता तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची चिंता आहे?’ आणि त्यानंतर गप्प राहायचं. ही शांतता नवख्यांना असह्य होते. चार-पाच सेकंद झाले की ते दुसरा प्रश्न टाकतात, आणि बोलायला तयार होत आलेला माणूस परत मिटतो. निरीक्षकाला एकच काम द्यावं: मदतनिसाने शांतता किती वेळा तोडली ते मोजणं. चर्चेत तो आकडा ऐकला की पुढच्या फेरीत फरक पडतो.

फारच घाबरलेल्या, आपण कुठे आहोत याचं भान सुटल्यासारख्या माणसासाठी पुस्तिकेत जमिनीवर आणायच्या युक्त्या दिल्या आहेत: पाय जमिनीवर टेकवायला सांगणं, हाताची बोटं मांडीवर टपटपवणं, आजूबाजूच्या भीती न वाटणाऱ्या वस्तूंची नावं सांगायला लावणं, श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणं. या युक्त्या खरंच उपयोगी आहेत. पण त्या वाचून कळत नाहीत. प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहाव्यात आणि मदतनिसाने सूचना हळू, सपाट आवाजात द्यायला शिकावं. घाईघाईत ‘श्वास घ्या, श्वास घ्या’ म्हणणाऱ्यामुळे धाप वाढतेच.

आता उणिवा.

‘जोडून द्या’ हा भाग वेळापत्रकात दुपारी उशिरा येतो. तोवर सगळे दमलेले असतात आणि ‘गरज असेल तर पुढे पाठवा’ एवढ्यावर तो गुंडाळला जातो. पण प्रत्यक्ष कामात हाच सगळ्यात अवघड असतो. नुसतं ‘रुग्णालयात जा’ म्हणणं म्हणजे रेफरल, म्हणजे योग्य सेवेकडे पाठवणं, नव्हे. प्रशिक्षणाआधी आयोजकांनी एक तक्ता करायला हवा: सेवा कोणती, नेमकी कुठे, किती वाजेपर्यंत, कोणाला भेटायचं, फोन, कागदपत्रं लागतात का, पैसे लागतात का, बाईशी बोलायला बाई आहे का, आणि ही माहिती शेवटची कधी तपासली. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आपत्तीत दवाखाने हलतात, छावण्या बंद होतात, फिरतं पथक दुसरीकडे जातं. बाळाला कडेवर घेऊन चालत गेलेल्या आईला बंद दार दिसलं तर ती पुन्हा कोणाकडे मदत मागायला जाईलच असं नाही. तक्ता आठवड्यातून एकदा फोन करून तपासावा आणि ते काम एका माणसाच्या नावावर टाकावं.

आत्महत्येचा विचार हा दुसरा कच्चा दुवा. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू शकेल अशा माणसाला लगेच पुढची मदत हवी, हे पुस्तिका सांगते. पण विचारायचं कसं, याचा सराव होत नाही, आणि ‘विचारलं तर डोक्यात येईल’ ही भीती तशीच राहते. थेट विचारल्याने धोका वाढत नाही, हे स्पष्ट सांगून पाऊण तासाचं वेगळं सत्र घालावं. त्यात प्रत्येकाने ‘जगूच नये असं मनात येतं का?’ हा प्रश्न तोंडाने म्हणावा आणि उत्तर ‘हो’ आलं तर पुढच्या पायऱ्या करून दाखवाव्यात: एकटं सोडायचं नाही, औषधं, कीटकनाशकं, हत्यारं हाताशी राहू द्यायची नाहीत, आणि तक्त्यातल्या नेमक्या माणसाला तिथूनच फोन लावायचा. ही गोष्ट कोणालाही सांगणार नाही, असं वचन द्यायचं नाही.

मुलांसाठीचा भाग पुस्तिकेत आहे, पण थोडक्यात. फक्त मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी सेव्ह द चिल्ड्रनचं २०१३ चं प्रशिक्षण जास्त भरीव आहे. रेड क्रॉसच्या २०१८ च्या संचातही मुलांसाठी आणि गटांसाठी वेगवेगळी मॉड्यूल आहेत.

या सगळ्याचा परिणाम किती? इबोलानंतर सिएरा लिओनमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत (म्हणजे कोणाला प्रशिक्षण द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून केलेल्या तुलनेत) एका दिवसाच्या प्रशिक्षणाने मानसिक आधाराच्या तत्त्वांची समज वाढली आणि ती सहा महिन्यांनीही टिकून होती. आत्मविश्वासात आणि व्यावसायिक दृष्टिकोनात मात्र तसा फरक दिसला नाही. आमच्या मते यातून निघणारा अर्थ सरळ आहे. एक दिवस डोक्यात माहिती घालू शकतो, वागणं बदलायला पुढचा पाठपुरावा लागतो. म्हणून प्रशिक्षणानंतर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला तासाभराची गटबैठक ठेवावी, त्यानंतर दर पंधरा दिवसांनी एकदा. सहा ते आठ जणांचा गट, चालवायला अनुभवी माणूस, आणि बैठकीत प्रत्येकाने एक अडलेला प्रसंग नाव न घेता मांडायचा. या बैठकांसाठी वेळ आणि प्रवासखर्च आधीच अंदाजपत्रकात नसेल तर तारीख ठरवायची घाई करू नये.

हा संच कशासाठी नाही हेही पाहायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार, आधीच्या दहा वर्षांत संघर्ष झेललेल्या भागांत दर पाच जणांमागे एकाला नैराश्य, चिंताविकार, आघातजन्य ताणविकार, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया यांपैकी काहीतरी असतं. या लोकांना प्रथमोपचार पुरणार नाहीत. महिना-दोन महिने उलटूनही ज्यांचं रोजचं जगणं थांबलंय, त्यांच्यासाठी याच संघटनेचा २०१६ मध्ये आलेला प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस हा कार्यक्रम आहे: प्रत्येकी दीड तासाच्या पाच भेटी, ज्या प्रशिक्षित सामान्य कार्यकर्ता घेऊ शकतो. पण त्याचं वर्गातलं प्रशिक्षणच साधारण ऐंशी तासांचं आहे आणि देखरेखीशिवाय तो चालवायचाच नाही. जास्त लोकांपर्यंत पोहोचायचं असेल तर तिचाच सेल्फ-हेल्प प्लस हा ताण हाताळायला शिकवणारा कार्यक्रम बघावा. त्यात ध्वनिमुद्रित सत्रं एका वेळी तीस जणांपर्यंतच्या गटाला ऐकवता येतात. डॉक्टर आणि परिचारिकांसाठी २०१५ ची एमएचगॅप मानवतावादी मार्गदर्शिका हवी, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्यांनी आपत्तीत मानसिक आजार कसे हाताळायचे ते सांगणारी. झोप येत नाही म्हणून आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात झोपेच्या-चिंतेच्या बेन्झोडायझेपिन गोळ्या वाटण्याची सवय मोडायला तेवढं एक प्रकरण वाचलं तरी पुष्कळ.

प्रशिक्षण जमलं की नाही हे तपासायला बहुतेक ठिकाणी आधी आणि नंतर एक प्रश्नपत्रिका देतात. ती माहिती मोजते, कौशल्य नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा इक्विप हा मंच यासाठी फुकट उपलब्ध आहे. त्यात ठरलेला रोल-प्ले पाहून ऐकणं, देहबोली, सहानुभूती अशा एकेका कौशल्याला श्रेणी देता येते आणि घातक वागणूक वेगळी टिपता येते. दोन प्रशिक्षकांनी आधी एकच रोल-प्ले पाहून आपल्या श्रेणी जुळतात का हे बघावं. नाही जुळल्या तर आधी तेच भांडण मिटवावं.

स्वतःची काळजी घेण्याचं सत्र मार्गदर्शिकेत आहे आणि ते वगळू नये. पण सगळा भार कार्यकर्त्याच्या श्वसनाच्या व्यायामावर टाकणं हा अन्याय आहे. सोळा तासांच्या पाळीवर दीर्घश्वसनाचा इलाज चालत नाही. म्हणून पथकप्रमुखांसाठी वेगळा एक तास ठेवावा आणि त्यात लेखी ठरवावं: पाळी किती तासांची, सुट्टी कधी, मृतदेह हाताळणाऱ्यांची अदलाबदल कशी, कोणी कोसळलं तर कामावरून काढलं जाण्याच्या भीतीशिवाय कोणाला सांगायचं.

फोनवरून आधार द्यायचा असेल तर रेड क्रॉसने कोविडच्या काळात, २०२० मध्ये, काढलेली दूरस्थ मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका जोडीला घ्यावी. सरावासाठी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवाव्यात, म्हणजे चेहरा दिसत नाही. मदतनिसाने पहिल्या मिनिटात तीन गोष्टी विचारायच्या: आत्ता बोलायला सुरक्षित जागा आहे का, फोन तुटला तर परत कोणत्या नंबरवर लावू, आणि जवळ कोणी आहे का. मान हलवून होकार देण्याची सवय इथे उपयोगाची नाही, ‘हं, ऐकतेय’ असं तोंडाने म्हणावं लागतं. या सरावाला वीस मिनिटं पुरतात.