गुण आला, म्हणूनच आम्ही फसलो

जानेवारी 2025 मधला एक रविवार. मुलाच्या डोक्याला तेल लावत होते, तर कानामागे बोट एकदम गुळगुळीत जागेवर घसरलं. केस बाजूला करून पाहिलं, तर रुपयाच्या नाण्याएवढी गोल जागा आणि तिथे एकही केस नाही. खाज नाही, खपली नाही. आठ दिवसांत टाळूवर दुसरी, मग मानेजवळ तिसरी. सकाळी उशीच्या अभ्र्यावर केसांचे पुंजके दिसायचे. पोरगा दहावीत, 21 फेब्रुवारीपासून पेपर, आणि तो टोपी घातल्याशिवाय क्लासला जाईना.

आबा, म्हणजे माझे सासरे, पाहताक्षणी म्हणाले, "त्याले चाई पडनी शे, घाबरू नका." ते बरोबर होते. पण त्याच दिवसांत शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस गळून टक्कल पडत असल्याच्या बातम्या रोज टीव्हीवर चालू होत्या. इकडे चोपडा तालुक्यात आमच्या गावातही बायकांनी बोअरच्या पाण्याचा धसका घेतला. गल्लीत एक जण म्हणाली, "याच्याजवळ आपली पोरं बसवू नका." ते माझ्या मुलाने ऐकलं. त्या रात्री तो जेवला नाही.

अशात पेपरात घातलेला कागद हाती आला : 'शेगावसारखी केसगळती? 45 दिवसांत खात्रीशीर इलाज.' जळगावला एका लॉजवर महिन्यातून दोनदा शिबिर. आम्ही गेलो. पांढरा कोट घातलेल्या माणसाने मुलाची टोपीसुद्धा काढायला लावली नाही. तळहातावर वायर लावलेलं एक यंत्र ठेवलं, कॉम्प्युटरमधून कागद काढला आणि म्हणाला, "ताई, केसांच्या मुळांत विष भिनलंय. उशीर केला तर भुवयाही जातील." तपासणीचे 500 आणि सहा महिन्यांच्या कोर्सचे 24,000 रुपये. त्यातले 20,000 मी बचत गटातून उचलले. पैसे फोनवरून स्कॅन करून घेतले, ते कुणा भलत्याच माणसाच्या नावावर गेले. बिल मागितलं तर म्हणाला, शिबिरात बिल देत नाहीत. एक तेलाची बाटली आणि तपकिरी पावडरच्या पुड्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ मधातून. पुडीवर एक अक्षर छापलेलं नव्हतं. "शुद्ध जडीबुटी" एवढंच तोंडी.

आणि पेपर संपेपर्यंत केस यायला लागले! तिन्ही जागांवर काळी लव. मी देवापुढे साखर ठेवली. नात्यातल्या दोघांना त्या लॉजचा पत्ता दिला, याची आजही लाज वाटते. पोरगा जेवायलाही लागला. कळण्याच्या चार-चार भाकरी, वर पुन्हा शेवभाजी मागायचा. गाल भरले, चेहरा गोल झाला. मी म्हणायची, औषध अंगी लागतंय. मांडीवर जांभळ्या रेघा उठल्या होत्या, त्या त्याने मला दाखवल्याच नाहीत.

एप्रिलमध्ये पुड्या संपल्या, म्हणून लॉजवर गेलो तर खोल्या रिकाम्या. फोन बंद. चार दिवसांत मुलाला उलट्या, चक्कर, उठून बसवेना. जळगावच्या सिव्हिलमध्ये नेलं. बीपी फार खाली गेलेलं होतं. मॅडमनी आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कसल्या पुड्या खातोय का हा?" पर्समध्ये उरलेली एक होती, ती मी काढून दिली.

त्यांचं म्हणणं असं की यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार. स्टेरॉइड पोटात गेलं की केस येतात, भूक वाढते, चेहरा सुजतो. आपल्या शरीरात तसलंच संप्रेरक रोज तयार होत असतं, पण बाहेरून मिळत राहिलं की शरीर ते बनवणं थांबवतं. मग पुड्या एकदम तुटल्या की माणूस असा कोसळतो. गोळ्या सुरू करून त्या हळूहळू, आठवड्या-आठवड्याने कमी कराव्या लागल्या. दरम्यान आलेले केसही पुन्हा गळले.

त्वचेच्या डॉक्टरांनी भिंग लावून प्रत्येक जागा नीट पाहिली. तीन महिन्यांत त्याच्या डोक्याला हात लावणारा हा पहिला माणूस. डॉक्टर म्हणाले, ही चाईच. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून केसांच्या मुळांवर उलटते, मूळ मात्र मरत नाही. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. पाण्याचा, टॉवेलचा संबंध नाही. थोड्याच जागा असतील तर पुष्कळांना वर्षभरात आपोआप केस येतात. नायटा असता तर खपल्या दिसल्या असत्या, त्याचं औषध वेगळं. थायरॉइडची रक्ततपासणी केली, ती ठीक निघाली. आता महिन्याने जागेवरच बारीक सुईने इंजेक्शन देतात. त्यातही स्टेरॉइडच असतं, पण मोजून, तेवढ्या जागेपुरतं आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. दोन जागा भरल्यात. तिसऱ्या जागेवर पांढरे केस आलेत. आधी पांढरे येऊन मग काळे होतात, असं सांगितलंय.

उरलेली पुडी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात देऊन तक्रार केली आहे. टक्कल बरं करतो असा दावा औषधावर करायला 1945 च्या औषध नियमांत, अनुसूची 'जे' मध्ये मनाई आहे, हे मला तेव्हा कळलं. पुडीवर घटक, बॅच नंबर, परवाना नंबर नसेल तर ती घरात आणूच नका.

शिबिरात आमच्या शेजारी एरंडोलकडची एक मुलगी बसायची, अकरावीची असेल, स्कार्फ गच्च बांधलेला. तिच्या आईने चार महिन्यांच्या पुड्या एकदम नेल्या होत्या. त्यांचा नंबर मी घेतला नाही. ताई, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर मनाने पुड्या एकदम बंद करू नका. पुडी हातात घ्या आणि लेकीला आजच सरकारी दवाखान्यात न्या.